सिफिलिसचं इंजेक्शन झालं, आता रिपोर्ट कसा वाचायचा?

"इंजेक्शन लिधं, तरी रिपोर्ट पॉझिटिव्हच शे!" सिफिलिस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजाराचे उपचार पूर्ण केलेला माणूस काही महिन्यांनी रक्त तपासतो आणि हमखास हेच म्हणतो, मग तो अमळनेरचा असो की शहाद्याचा. त्यानंतर एक तर तो डॉक्टर बदलतो, नाहीतर दुसऱ्या लॅबमध्ये जातो, नाहीतर कुणाच्या सांगण्यावरून पुन्हा इंजेक्शन घेतो. बऱ्याचदा यातल्या कशाचीच गरज नसते. उपचारानंतर 'पॉझिटिव्ह' या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. बघायचा असतो तो एक आकडा, तोही एकाच प्रकारच्या तपासणीचा आणि आधीच्या आकड्याशेजारी ठेवून.

ज्यांचे उपचार नुकतेच झालेत आणि ज्यांच्या मोबाइलवर लॅबची पीडीएफ येऊन पडली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उपचार ठरवायचं काम डॉक्टरांचंच. पण त्यांच्यासमोर बसताना आपला रिपोर्ट आपल्याला वाचता आला तर निम्मी भीती तिथेच कमी होते.

आधी तपासणीचं नाव वाचा

सिफिलिसच्या रक्ततपासण्या दोन घराण्यांतल्या आहेत. रिपोर्ट हातात आला की 'रिॲक्टिव्ह' हा ठळक शब्द क्षणभर बाजूला ठेवा आणि वर तपासणीचं नाव काय आहे ते बघा.

पहिलं घराणं व्हीडीआरएल आणि आरपीआरचं. या तपासण्या जंतूला थेट शोधत नाहीत. आजार सुरू असताना शरीरात जी हानी होते, तिच्यामुळे तयार होणारी एक प्रकारची प्रतिद्रव्यं त्या मोजतात. म्हणून आजार पेटलेला असताना आकडा वर जातो आणि उपचारानंतर खाली येतो. आपल्या कामाची हीच तपासणी.

दुसरं घराणं टीपीएचए, टीपीपीए, एफटीए, मोठ्या लॅबमधली सीएलआयए आणि आरोग्य केंद्रात बोटाचं रक्त घेऊन करतात ती कार्डची झटपट तपासणी, यांचं. ट्रेपोनेमा पॅलिडम या जंतूविरुद्धची खास प्रतिद्रव्यं या तपासण्या शोधतात. ती प्रतिद्रव्यं एकदा तयार झाली की बहुतेकांच्या रक्तात जन्मभर राहतात. म्हाताऱ्या माणसांच्या दंडावर देवीच्या लशीचा वण असतो ना, तसंच हे. कधीकाळी काय झालं होतं ते कळतं, आज काय चाललंय ते कळत नाही. अगदी सुरुवातीला, पहिल्या चट्ट्याच्या (म्हणजे जखमेच्या) वेळीच उपचार मिळालेल्यांपैकी साधारण १५ ते २५ टक्के लोकांची ही तपासणी दोन-तीन वर्षांनी निगेटिव्ह होते. बाकीच्यांनी त्याची वाट बघू नये.

इथे एक फसगत वारंवार होते. टीपीएचएच्या रिपोर्टवरही कधी १:३२० किंवा १:१२८० असा आकडा छापलेला असतो, सीएलआयएच्या रिपोर्टवर १८.६ असा काहीतरी निर्देशांक असतो. माणूस तो आकडा धरून बसतो आणि मागच्या व्हीडीआरएलच्या १:१६ शी त्याची तुलना करून घाबरतो. ही तुलना होऊच शकत नाही. दुसऱ्या घराण्याचे आकडे उपचाराचा परिणाम मोजायला वापरत नाहीत.

'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजात किंवा मोठ्या साखळी लॅबमध्ये हल्ली बरेचदा सीएलआयए आधी होते. तुमची ती बहुधा पॉझिटिव्हच येणार. म्हणून काउंटरवर नुसतं "सिफिलिसची टेस्ट करा" म्हणू नका. "आरपीआर, टायटरसकट" किंवा "व्हीडीआरएल, टायटरसकट" असं स्पष्ट सांगा. टायटर म्हणजे तोच बघायचा आकडा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तसं लिहून घेतलंत तर आणखी चांगलं.

आकडा म्हणजे काय

लॅबमध्ये तुमच्या रक्तातला पाण्यासारखा भाग, म्हणजे सीरम, वेगळा करतात. तो निम्मा पातळ करून तपासतात, मग त्याच्या निम्मा, मग त्याच्याही निम्मा. ज्या शेवटच्या पायरीपर्यंत प्रतिक्रिया दिसते तो तुमचा टायटर. म्हणून आकडे नेहमी दुपटीनेच येतात: १:१, १:२, १:४, १:८, १:१६, १:३२, १:६४, १:१२८ आणि पुढे.

इथली अर्ध्याहून जास्त भीती गणिताच्या गोंधळातून येते. १:८ वरून १:१६ झालं की माणसाला वाटतं, दुप्पट झालं, म्हणजे आजार वाढला. प्रत्यक्षात ती एकच पायरी आहे. तोच नमुना त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासला तरी एका पायरीचा फरक येऊ शकतो, कारण प्रतिक्रिया कुठे संपली हे शेवटी माणूस डोळ्यांनी ठरवतो. एक पायरी वर किंवा एक पायरी खाली म्हणजे 'बदल नाही' असंच समजायचं.

अर्थ असतो तो दोन पायऱ्यांना. डॉक्टर याला चौपट फरक म्हणतात. १:३२ वरून १:८ झालं तर चौपट घट, १:४ वरून १:१६ झालं तर चौपट वाढ. पुढचं सगळं या दोन पायऱ्यांवर उभं आहे, त्यामुळे हा परिच्छेद हवा तर दोनदा वाचा.

पहिला आकडा हरवू नका

तुलना करायची तर सुरुवातीचा आकडा हवा. तो इंजेक्शनच्या दिवशीचा असेल तर उत्तम. महिनाभर आधीचा रिपोर्ट चालवून घेऊ नये. त्या महिन्यात टायटर १:८ वरून १:६४ वर गेलेला असू शकतो. मग सहा महिन्यांनी १:१६ आला की उपचार लागू पडला नाही असं वाटेल, खरं तर तो छान उतरलेला असेल.

रिपोर्टवर नुसतं 'रिॲक्टिव्ह' लिहून टायटर दिलेला नसेल तर त्याच दिवशी लॅबला फोन करा. नमुना अजून त्यांच्याकडे असेल तर टायटर काढून मिळू शकतो.

याच कागदासोबत उपचाराचाही कागद ठेवा. त्यावर बेंझाथिन पेनिसिलिन, किती लाख युनिट, कोणत्या तारखेला, हे लिहिलेलं हवं. अलीकडच्या संसर्गाला २४ लाख युनिट एकदाच देतात, साधारणपणे निम्मं एका कुल्ल्यात आणि निम्मं दुसऱ्या. जुन्या किंवा कधी झाला ते माहीत नसलेल्या संसर्गाला तेवढंच आठवड्याच्या अंतराने तीन वेळा. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, १४ किंवा २८ दिवस. गरोदरपणात मात्र त्या चालत नाहीत. "दवाखान्यात एक सुई दिली होती" एवढ्या आठवणीवर पुढच्या डॉक्टरला काहीही ठरवता येत नाही आणि तो साहजिकच पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

पहिल्या इंजेक्शननंतर चोवीस तासांत ताप, थंडी, अंगदुखी झाली तर ती अनेकदा ॲलर्जी नसते. जंतू एकदम मेल्यामुळे येणारी प्रतिक्रिया असते आणि दिवसभरात ओसरते. डॉक्टरांना मात्र जरूर सांगा, विशेषतः गरोदर असाल तर.

तपासणी कधी: आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि दिवाळी

पंधरा दिवसांत जाऊन रक्त देऊ नका. उपचारानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत टायटर थोडा वर जाऊ शकतो आणि उगाच धडकी भरते.

संसर्ग अलीकडचा असेल, म्हणजे चट्टा किंवा अंगावर पुरळ असतानाच उपचार झाले असतील, तर सहा आणि बारा महिन्यांनी. लक्षणं नसलेला, नुसता रक्तात सापडलेला असेल तर सहा, बारा आणि चोवीस महिन्यांनी. एचआयव्हीही असेल तर तपासण्या जास्त जवळजवळ: तीन, सहा, नऊ, बारा आणि चोवीस महिने. काही डॉक्टर सगळ्यांनाच तिसऱ्या महिन्यात बोलावतात, त्यातही काही वावगं नाही.

खानदेशात सहा महिने लक्षात ठेवायला कॅलेंडर लागत नाही. आखाजी ते दिवाळी सहा महिने आणि दिवाळी ते आखाजी सहा महिने. ऊसतोडीला गुजरातेत जाणारी नंदुरबारकडची कुटुंबं दिवाळीनंतर निघतात आणि पावसाळ्याच्या आत परततात, म्हणजे याच दोन वेळा माणूस घरी सापडतो. इंजेक्शन मधल्याच एखाद्या महिन्यात झालं असेल तर सहा महिन्यांनंतर जो सण जवळचा तो धरा. तपासणी महिनाभर उशिरा झाली म्हणून काही बिघडत नाही. ती झालीच नाही तर बिघडतं.

तीन इंजेक्शनांच्या कोर्सला मात्र ही सवलत नाही. दुसरं इंजेक्शन बाकी असताना गाडी धरू नका. थोडा उशीर झाला तर डॉक्टर काही वेळा पुढे चालू ठेवतात, पण गरोदर बाईचं अंतर नऊ दिवसांपेक्षा जास्त झालं तर पूर्ण कोर्स पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

लॅब एकच

चाळीसगावचा माणूस ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून पहिली तपासणी धुळ्याला करतो. दुसरीला तिथेही कुणीतरी दिसतं, म्हणून तो जळगाव गाठतो. लाज समजण्यासारखी आहे, लॅबच्या बाकावर शेजारी बसलेला भाऊबंद "काय व्हयनं?" विचारणारच. पण दोन लॅबचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. आरपीआरचा टायटर व्हीडीआरएलपेक्षा बरेचदा किंचित जास्त येतो, शिवाय रिपोर्टवर व्हीडीआरएल छापलेलं असलं तरी आत आरपीआरचं किट वापरलेलं असू शकतं. म्हणून रिपोर्टच्या तळाशी 'पद्धत' म्हणून जी ओळ असते तीही वाचा.

लॅब लांबची निवडा, खुशाल निवडा. पण मग पुढची दोन वर्षं तीच. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीला माहेरच्या गावी रक्त देणं जास्त मोकळं वाटत असेल, तर पुढचं रक्तही माहेरीच द्यावं.

किती उतरायला हवा

समजा मुंबई-आग्रा रस्त्यावर गाडी चालवणारा शिरपूरचा एक ड्रायव्हर आहे. अंगावर पुरळ होतं, आखाजीच्या सुमाराला १:६४ वर इंजेक्शन झालं. दिवाळीत १:८. चौसष्टवरून बत्तीस, सोळा, आठ, म्हणजे तीन पायऱ्या. उपचार लागू पडला. रिपोर्टवर अजूनही 'रिॲक्टिव्ह' आहे आणि टीपीएचएही पॉझिटिव्ह आहे, पण त्याला दुसऱ्या इंजेक्शनची गरज नाही. पुढच्या आखाजीला तो १:२ वर येईल किंवा १:४ वर थांबेल, दोन्ही ठीक.

अलीकडच्या संसर्गात बारा महिन्यांत किमान दोन पायऱ्यांची घट अपेक्षित असते. जुन्या संसर्गात त्यासाठी चोवीस महिने देतात, कारण तिथे आकडा हळू उतरतो. पूर्वी कधी सिफिलिस होऊन गेला असेल, वय जास्त असेल किंवा सुरुवातीचाच टायटर कमी असेल तरीही घट मंदावते. सहाव्या महिन्यात एकच पायरी उतरली म्हणून इंजेक्शन फुकट गेलं असं नव्हे.

सुरुवातच १:२ वरून झाली असेल तर? दोन पायऱ्या उतरायला खाली जागाच फारशी नाही. अशा माणसाचा १:२ वर्षभरानेही १:२ राहू शकतो. तिथे घटीपेक्षा वाढ होत नाही ना, एवढंच बघतात.

आकडा एका जागी अडकला तर

काही जणांचा टायटर ठरल्याप्रमाणे उतरतो आणि मग १:२ किंवा १:४ वर वर्षानुवर्षं बसून राहतो. डॉक्टर याला सेरोफास्ट म्हणतात. हे बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ जंतू जिवंत आहे असा नसतो.

माझं स्पष्ट मत सांगतो: 'निगेटिव्ह' शब्द कागदावर बघायचाच, या हट्टापायी पुन्हा पुन्हा कोर्स घेणारी माणसं स्वतःच्या अंगाचे आणि खिशाचे हाल करतात, कारण पुन्हा इंजेक्शन घेऊनही हा आकडा बरेचदा हलत नाही. मुळात दोन पायऱ्यांची घटच झाली नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टर एचआयव्हीची तपासणी पुन्हा करतील, डोळे, कान, मेंदूची लक्षणं विचारतील, मधल्या काळात नवा संबंध आला होता का ते विचारतील, आणि गरज वाटली तर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं देतील. खरं सांगा. उत्तरावरून तुमचं चारित्र्य ठरवायचं नसतं, औषध ठरवायचं असतं.

आकडा चढला तर

ड्रायव्हरचा टायटर १:४ वर आला होता आणि पुढच्या तपासणीत १:३२ निघाला. या तीन पायऱ्या वर आहेत, याकडे डोळेझाक नको. पण आधी दोन-तीन आठवड्यांनी तीच तपासणी त्याच लॅबमध्ये पुन्हा. मलेरिया, इतर काही आजार किंवा गरोदरपण यामुळेही व्हीडीआरएल तात्पुरती प्रतिक्रिया देते, पण ती बहुधा १:८ च्या खालीच राहते.

चढलेला आकडा कायम असेल तर दोन शक्यता उरतात: उपचार अपुरा पडला किंवा पुन्हा संसर्ग झाला. दुसरी जास्त वेळा खरी ठरते. सिफिलिस एकदा होऊन गेल्याने पुढे संरक्षण मिळत नाही, आणि नव्या वेळी चट्टा दिसेलच असंही नाही. आत कुठेतरी असेल, दुखणारही नाही. कित्येकदा चढलेला टायटर हीच एकमेव खूण असते.

आणि पुन्हा संसर्ग कुठून आला, याचं उत्तर अनेकदा घरातच असतं. नवऱ्याने इंजेक्शन घेतलं, बायकोला सांगितलंच नाही. ती विनाउपचार राहिली आणि आजार परत त्याच्याकडे आला. गेल्या तीन महिन्यांत ज्यांच्याशी संबंध आला त्यांची तपासणी निगेटिव्ह असली तरी उपचार देतात, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तात काही दिसत नाही. त्याआधीच्या जोडीदारांना तपासून ठरवतात. चट्टे भरेपर्यंत आणि इंजेक्शननंतर किमान सात दिवस संबंध टाळायचा. जोडीदाराचा उपचार राहिला असेल तर तोही होईपर्यंत.

उलटा प्रकारही क्वचित होतो. अंगावर स्पष्ट पुरळ आणि रिपोर्ट मात्र 'नॉन-रिॲक्टिव्ह'. प्रतिद्रव्यं खूपच जास्त असली की न पातळ केलेल्या सीरममध्ये प्रतिक्रिया उमटत नाही. अशा वेळी नमुना पातळ करून पुन्हा तपासा, असं लॅबला सांगावं लागतं.

गरोदर बाई आणि बाळ

गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत एचआयव्ही आणि सिफिलिस तपासतात, बहुधा कार्डवर. ज्या बाईचे उपचार आधीच्या बाळंतपणात झाले आहेत तिचं कार्ड या वेळीही बहुधा पॉझिटिव्ह येईल. तिने जुने कागद घेऊन जावं आणि आरपीआरचा टायटर मागावा. कागद नसतील तर डॉक्टर पुन्हा पेनिसिलिन देतील; तेव्हा वाद घालू नये. बाळाचा धोका इंजेक्शनच्या त्रासापेक्षा फार मोठा आहे. गर्भपात, मृत बाळ, जन्मजात सिफिलिस हे सगळं वेळेवरच्या पेनिसिलिनने बहुतेक वेळा टळतं.

बाळाचं रक्त पॉझिटिव्ह आलं म्हणजे बाळाला आजार झालाच, असं नाही. आईची प्रतिद्रव्यं नाळेतून बाळात जातात. डॉक्टर बाळाचा टायटर आईच्या टायटरशी ताडून बघतात, त्याच तपासणीने. बाळाचा चौपट किंवा त्याहून जास्त असेल तर आजाराचा संशय पक्का होतो. नाहीतर उसना आकडा तीन महिन्यांपर्यंत उतरू लागतो आणि सहाव्या महिन्यापर्यंत जायला हवा. कार्ड किंवा टीपीएचए मात्र दीड वर्षापर्यंत पॉझिटिव्ह राहू शकते, म्हणून तान्ह्या बाळात तिच्यावर निर्णय घेत नाहीत. बाळाच्या तारखा चुकवू नका, लसीकरणाच्या कार्डावरच त्या लिहून घ्या.

आकडा न बघता दवाखाना गाठायचा तो केव्हा

नजर अंधूक होणं, डोळा लाल होऊन दुखणं, कानात आवाज येणं किंवा अचानक कमी ऐकू येणं, न थांबणारी डोकेदुखी, चालताना तोल जाणं, चेहरा किंवा हातपाय कमजोर पडणं. टायटर १:२ असला तरी थांबू नका. सिफिलिस कोणत्याही टप्प्यावर डोळे, कान आणि मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. तेव्हा पाठीतलं पाणी तपासावं लागतं आणि उपचारही वेगळे असतात, शिरेतून पेनिसिलिन, दवाखान्यात दाखल होऊन.

कुठे जायचं, काय न्यायचं

जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत. तिथे त्वचारोग विभागात किंवा 'सुरक्षा क्लिनिक' विचारा. लैंगिक आजारांचा सल्ला आणि उपचार तिथे मोफत असतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा १०९७ हा मोफत फोन क्रमांक आहे, त्यावर जवळचं केंद्र विचारता येतं. सोबत एचआयव्हीची तपासणी करून घ्याच.

एक प्लास्टिकची पिशवी करा: इंजेक्शनचा कागद, प्रत्येक रिपोर्ट तारखेप्रमाणे, आणि वर एका चिठ्ठीवर तारीख, लॅब, तपासणी, टायटर असे चार रकाने. मोबाइल पाण्यात पडतो, पीडीएफ जाते.

ही पिशवी आणखी दोन ठिकाणी लागते. आखाती देशाच्या व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत सिफिलिस तपासतात, तेव्हा उपचाराचा पुरावा आणि उतरलेला टायटर हाताशी हवा. मेडिकलच्या दिवशी शोधाशोध करण्यापेक्षा महिनाभर आधी डॉक्टरांकडून बरं झाल्याचं पत्र घ्या. आणि रक्तदान. प्रत्येक पिशवीवर सिफिलिसची तपासणी बंधनकारक आहे, त्यामुळे गावच्या शिबिरात दोस्तांच्या आग्रहाखातर रक्त दिलंत तर रक्तपेढी ते बाजूला काढेल आणि तुम्हाला फोन करून बोलावेल. शिबिराच्या दिवशी रांगेत उभं राहू नका. आयोजकांत काम मागून घ्या, केळी आणि बिस्किटं वाटायला तिथे माणसं कमीच असतात.